उसना उजेड

कराडच्या आमच्या जुन्या घरात माजघराला एकच खिडकी होती, पूर्वेची. सकाळी साडेआठच्या सुमाराला तिच्यातून ऊन आत यायचं आणि फरशीवरून सरकत सरकत अकरापर्यंत खिडकीशी परत जायचं. तेवढ्या वेळात आजी तांदूळ निवडून घ्यायची. पितळी परात पुढ्यात, एक पाय लांब सोडलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खडा सापडला की ती तो नखाने परातीच्या कडेवर उडवायची आणि 'टिण्' असा बारीक आवाज यायचा. २००२ च्या मे महिन्यात त्या उन्हाला आणखी एक वाटेकरी झाला, तो मी.

मस्कतचे काका सुट्टीला आले होते आणि माझ्यासाठी त्यांनी 'गेम बॉय ॲडव्हान्स' आणला होता. जांभळा, आडवा, दोन्ही हातांत नीट बसणारा. तोवर हातातला व्हिडिओ गेम म्हणजे आमच्यासाठी जत्रेतला ब्रिक गेम. त्याच्या खोक्यावर '९९९९ इन १' असं लिहिलेलं असायचं आणि आत बहुतेक वेळा विटाच रचायच्या असायच्या. हा मात्र खराखुरा होता, रंगीत होता. काकांनी मागे दोन पेन्सिल सेल घातले, खटका सरकवला, कानाला गोड वाटणारा आवाज आला, आणि पडद्यावर मला माझंच तोंड दिसलं. आत काहीतरी हलत होतं, पण ते पाण्याच्या तळाशी असावं तसं. आम्ही ट्यूबलाइटखाली जाऊन पाहिलं, ओट्यावर जाऊन पाहिलं. ओट्यावर तिन्हीसांजेला जरा बरं दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो खिडकीत नेला, आजीच्या परातीशेजारी, आणि उन्हाचा कवडसा काचेवर पडताच रंग एकदम वर आले. हिरवं गवत, लाल टोपी, निळं आकाश.

"उजेडाला बसायचं होय याला?" आजी म्हणाली. "मग बस की इथं. माझ्या परातीवर सावली तेवढी पाडू नको."

पुढची दोन वर्षं आम्ही दोघं त्या खिडकीत बसलो. ऊन सरकेल तसे आम्हीही सरकायचो. आधी ती परात ओढायची, मग मी.

त्या पडद्यात उजेड का नव्हता, हे मला फार नंतर कळलं. आणि कळल्यावर त्या माणसाबद्दल आदर वाटायला लागला, ज्याने पहिल्या गेम बॉयमध्ये तो मुद्दाम ठेवला नव्हता. गुनपेई योकोई हे त्यांचं नाव. जन्म १९४१ चा, क्योतोचा. १९६५ साली ते निन्टेन्डोत, म्हणजे पुढे गेम बॉय काढणाऱ्या कंपनीत, लागले तेव्हा ती मुख्यतः हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापत होती, आणि योकोईंचं काम होतं त्या कारखान्यातली यंत्रं चालू ठेवण्याचं. रिकाम्या वेळात त्यांनी लांबून वस्तू पकडता येईल असा एक लाकडी जाळीचा हात करून ठेवला होता. तो कंपनीच्या अध्यक्षांच्या, हिरोशी यामाउचींच्या, नजरेस पडला आणि १९६६ साली 'अल्ट्रा हँड' या नावाने खेळणं म्हणून बाजारात आला. यंत्र सांभाळणारा माणूस तिथून खेळणी करणारा झाला. पुढे एकदा शिंकान्सेन गाडीत त्यांना एक नोकरदार वेळ जावा म्हणून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला दिसला, आणि त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' ही खिशात मावणाऱ्या खेळांची मालिका निघाली. त्यातल्याच १९८२ च्या एका मिटत्या खेळावर त्यांनी अधिक चिन्हासारखं चार दिशांचं बटण बसवलं. ते बटण आज जगातल्या बहुतेक व्हिडिओ गेमांवर असतं.

योकोईंच्या विचाराला जपानीत एक नाव आहे: 'कारेता गिजुत्सु नो सुइहेइ शिको'. इंग्रजीतून आपल्याकडे हे येतं तेव्हा पहिल्या शब्दाचा अर्थ 'सुकलेलं', 'कोमेजलेलं' असा लावला जातो, आणि मग असं वाटतं की हा माणूस टाकाऊ भाग वापरायचा. मराठीत त्याला फार नेमका शब्द आहे: मुरलेलं. लोणचं मुरतं तसं. सुतार चौकटीला ओलं लाकूड घेत नाही, मुरलेलं घेतो, कारण जे काही वाकायचं, तडकायचं ते आधीच वाकून तडकून झालेलं असतं. मुरलेलं तंत्र म्हणजे ज्याचे सगळे खोडसाळ स्वभाव कारागिराला ठाऊक झालेत आणि जे आता स्वस्तात, भरवशाने मिळतं. ते घ्यायचं आणि आजवर कुणी वापरलं नाही अशा ठिकाणी आडवं वापरायचं. एवढाच तो विचार.

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये पहिला 'गेम बॉय' आला तो असा मुरलेला होता. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट पिवळा, त्यावर फक्त चार छटा. मागून दिवा नाही. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा 'लिंक्स' आला, रंगीत, आतून उजळलेला. पुढच्या वर्षी सेगाचा 'गेम गिअर' आला, तोही रंगीत, तोही उजळलेला. दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर गेम बॉयकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास आरामात चालायचा. मुलाच्या हातातलं खेळणं बंद पडलं की त्याच्यासाठी ते दगड असतं, आणि सेल विकत घेणं मुलाच्या हातात नसतं. योकोईंनी त्या मुलाच्या बाजूने निर्णय घेतला: उजेड बाहेरून मिळेल, खिडकी आहे, अंगण आहे, ऊन फुकट आहे. विटा रचायचा 'टेट्रिस' खेळायला रंग कशाला हवेत? १९९३ साली एक रशियन अंतराळवीर, अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह, हाच गेम बॉय आणि टेट्रिस घेऊन 'मीर' स्थानकावर गेला होता. पुढे आलेल्या 'गेम बॉय कलर'सह त्याची एकूण विक्री ११ कोटी ८६ लाखांच्या वर गेली. त्याच्यापेक्षा उजळ, त्याच्यापेक्षा देखणे असलेले सगळे मागे पडले.

तरीही लोक अंधारात खेळतातच. पांघरुणाखाली खेळतात, रात्रीच्या बसमध्ये खेळतात. म्हणून बाजारात नाना जोड आले: पडद्यावर बसवायचं भिंग आणि त्यात बारीक दिवे, किंवा बाजूच्या खोबणीत खोचायची वळवळणारी तार, जिच्या टोकाला छोटा दिवा. निन्टेन्डोनेही सुधारित मॉडेलं काढली. जुलै १९९६ मध्ये 'गेम बॉय पॉकेट' आला. छोटा, दोन बारक्या सेलवर चालणारा. हिरवटपणा जाऊन खरा करडा रंग आला आणि हलत्या चित्रामागची सावलीची शेपटी बरीच कमी झाली. योकोईंनी त्यानंतर महिनाभरातच कंपनी सोडली. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा प्रांतातल्या महामार्गावर अपघातात ते गेले, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. आणि त्यानंतर सहा महिन्यांनी, एप्रिल १९९८ मध्ये, 'गेम बॉय लाइट' निघाला. पहिल्यांदाच आतून उजळणारा, निळसर हिरव्या प्रकाशाचा, दिवा लावूनही बारा तास चालणारा. तो फक्त जपानात विकला गेला. त्याच ऑक्टोबरात रंगीत गेम बॉय आला, तो परत दिव्याशिवाय. मग २००१ चा ॲडव्हान्स, तोही दिव्याशिवाय. जुन्या करड्या पडद्याचं बाहेरच्या उजेडावर भागायचं. रंगीत पडद्याची गोष्ट वेगळी होती.

हे कसं घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. अशा पडद्याच्या मागे एक आरसा असतो. बाहेरचा उजेड काचेतून आत शिरतो, आरशावर आपटतो आणि परत आपल्या डोळ्यांकडे येतो. पडदा रंगीत असला की प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या गाळण्या असतात, आणि उजेड त्यातून दोनदा गाळला जातो: आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. आपल्यापर्यंत पोचतो तो चोथा. ट्यूबलाइटचा उजेड त्या वाटेत जवळजवळ संपून जातो. उन्हाचा मात्र पुरून उरतो. म्हणजे माझा गेम बॉय अजिबात बिघडलेला नव्हता. त्याला फक्त सूर्य लागत होता.

गेम करणाऱ्यांनाही हे सोसावं लागलं. काकांनी सोबत आणलेल्या दोन कॅसेटींपैकी एक 'कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून' होती. पडका किल्ला, तळघरं, वटवाघळं. हा खेळ ॲडव्हान्सबरोबरच निघाला होता आणि त्यातली चित्रं इतकी काळोखी होती की त्या पडद्यावर ती दिसत नाहीत अशी जगभर ओरड झाली. मला ती वटवाघळं फक्त मेच्या उन्हात दिसायची. पावसाळा लागला की तो खेळ मी गुंडाळून ठेवायचो आणि दिवाळीनंतर परत काढायचो, हे मी अगदी गंभीरपणे सांगतो आहे. आमच्या घरी लोणच्या-पापडांसारखाच त्या कॅसेटचाही मोसम होता. २००२ साली त्या मालिकेतला पुढचा भाग आला तेव्हा चित्रकारांनी धडा घेतला होता. रंग मुद्दाम भडक केले होते, नायकाभोवती ठसठशीत निळी कड काढली होती. आज तोच खेळ मोबाइलच्या किंवा संगणकाच्या उजळ पडद्यावर लावला तर रंग डोळ्यांत खुपतात, आणि आजची मुलं म्हणतात की त्या काळच्या लोकांना रंगांची जाण नव्हती. मला तेव्हा फार तळमळून सांगावंसं वाटतं, की बाबांनो, हे रंग अंधारात उभे राहून मोठ्याने बोलत होते. तुम्ही त्यांना दिव्याखाली आणून बसवलंत.

२००४ च्या दिवाळीत काकांनी दुसरा आणला. 'गेम बॉय ॲडव्हान्स एसपी'. जपानात तो १४ फेब्रुवारी २००३ ला निघाला होता, दीड महिन्याच्या आत अमेरिका आणि युरोपात पोचला होता, आणि आमच्याकडे यायला त्याला पावणेदोन वर्षं लागली. चंदेरी, तळहाताएवढा चौकोन. मधे बिजागरी. उघडला की 'टक्', मिटला की मऊसा 'टप्'. मिटलेल्या पडद्यावर ओरखडा पडत नाही, म्हणून मला तो दप्तरात टाकता यायचा. १९८२ मध्ये योकोईंनी ज्या मिटत्या खेळावर चार दिशांचं बटण बसवलं होतं, त्याचा हा नातू म्हणायला हरकत नाही.

आत सगळं तेच होतं. तोच प्रोसेसर, तोच २४० बाय १६० चा पडदा, त्याच कॅसेटी. एवढंच नव्हे तर १९८९ ची टेट्रिसची कॅसेटही त्यात चालत होती. नवीन मॉडेल घेऊन नवीन काहीही खेळता येत नव्हतं. बदललं होतं ते एवढंच: सेलच्या जागी चार्ज होणारी लिथियम बॅटरी, बिजागरी, आणि पडद्याच्या खाली मधोमध एक छोटं गोल बटण, ज्यावर सूर्याचं चित्र होतं. ते दाबलं की कडेचा दिवा लागायचा आणि काचेपुढच्या पातळ पारदर्शक पट्टीतून त्याचा उजेड पडद्यावर पसरायचा. मागून नाही, पुढून. जणू माजघरातली खिडकीच कुणी लहान करून त्या झाकणात बसवली होती. हेडफोनची सोय काढून टाकली होती, त्यासाठी वेगळा जोड लागायचा, आणि ते मला आजही पटलेलं नाही. पण त्या दिव्यापुढे ते विसरायला झालं.

सुधारित मॉडेल म्हटलं की आपण विचारतो, किती जलद झालं, किती जास्त मावतं. एसपी एक कणभरही जलद झाला नव्हता. तो करणाऱ्यांनी फक्त एवढं पाहिलं होतं, की लोक ही वस्तू घेऊन नेमके कुठे बसतात. जगात विकल्या गेलेल्या ८ कोटी १५ लाखांच्या आसपास ॲडव्हान्सांपैकी निम्म्याहून अधिक, ४ कोटी ३५ लाखांच्या वर, एसपी होते, याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

२००५ चा उन्हाळा आमच्याकडे कुणी विसरणार नाही. भारनियमन सुरू होतं. लाइट जायची वेळ ठरलेली, यायची वेळ बेभरवशाची. घरात सगळ्या गोष्टी लाइटच्या वेळापत्रकावर चालायच्या: मिक्सर आधी, इस्त्री आधी, टाकीत पाणी चढवणं सगळ्यात आधी. त्यात मी माझा चार्जर घुसवायचो. चार्ज होताना कडेला नारिंगी ठिपका लागायचा, तीन तासांत तो विझला की झालं. मग रात्री घर काळं झालं की मी कॉटवर आडवा पडून झाकण उघडायचो. दिवा लावून दहा तास, न लावता अठरा. दहा तास मला आठवडाभर पुरायचे. आणि तो किल्ला, ती तळघरं, ती वटवाघळं! दोन वर्षं ज्यांच्याशी मी मोसम बघून भांडलो होतो, ती अंधारात, जिथली होती तिथे, मला स्पष्ट दिसली. जून उजाडला तरी मी तो खेळ गुंडाळून ठेवला नाही. पावसाळ्याच्या तोंडावरच तो पुरा झाला, रात्री साडेदहाला, बाहेर वळिवाचा पाऊस पडत असताना.

त्याच रात्री की दुसऱ्या एखाद्या, आता पक्कं आठवत नाही, आजी कंदिलाची काजळी पुसत होती. तिने माझ्या तोंडावर पडलेला तो फिकट निळसर उजेड पाहिला.

"यात दिवा घातला का रं?"

"हो. हे बघ, बटण आहे."

तिने तो हातात घेतला, बटण दाबलं, परत दाबलं. बंद, चालू. मग म्हणाली, "तरीच. उजेडाला येईनास झालास."

ती रागावून बोलली नव्हती. काजळी पुसून झाली, तिने काच बसवली आणि कंदील खुंटीला लावला. मी परत खेळायला लागलो. त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्षही दिलं नाही. चौदा वर्षांचा होतो आणि पुढच्या दारामागे काय आहे ते मला बघायचं होतं.

२००५ च्याच सुमाराला अमेरिकेत एसपीचीही सुधारित आवृत्ती निघाली. बाहेरून हुबेहूब तीच. पाठीवरच्या चिठ्ठीत 'एजीएस-००१' च्या जागी 'एजीएस-१०१' एवढाच फरक. तिच्यात मात्र उजेड खऱ्या अर्थाने मागून येतो, आणि पडदा असा झळझळीत दिसतो की पहिला त्यापुढे धुवट वाटावा. जुन्या वस्तू जमवणारे आज तीच शोधतात, तिच्यासाठी बरेच जास्त पैसे मोजतात. मीही दोन्ही वापरून पाहिल्या आहेत. गेली सहा-सात वर्षं मी पुण्यात रविवारी हे जुने गेम बॉय उघडून साफ करत बसतो: तीन पात्यांचे स्क्रू, बटणांखालचं रबर, बिजागरीतली चीर, दमलेली बॅटरी. मित्रांची मुलं आणून देतात, कुणाच्या माळ्यावर सापडलेला असतो. १०१ चा पडदा सुंदर आहे, यात वादच नाही. पण तिच्यात सूर्याचं बटण दाबलं तर उजेड कमी होतो किंवा वाढतो, एवढंच. बंद होत नाही. तिला बाहेरच्या उजेडाची गरजच उरलेली नाही. पहिल्या एसपीत बटण दाबलं की दिवा पूर्ण जातो, मागचा आरसा परत आपलं काम करायला लागतो, आणि उन्हात धरला तर रंग दिव्यातल्यापेक्षाही छान उमटतात. जी वस्तू काळोखातही चालते आणि भर उन्हातही, ती मला जास्त पूर्ण वाटते. दुसऱ्यांना हे पटवायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. माझ्या मतामागे आणखीही काही आहे, हे मला माहीत आहे.

आजी २०११ साली गेली. घर आहे. खिडकीला आता जाळी बसवली आहे, फरशी बदलली आहे, पण पूर्व तीच आहे. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा माझा तो चंदेरी एसपी नवी बॅटरी घालून बरोबर नेला होता. सकाळी आई तांदूळ घेऊन बसली. आता तांदूळ पिशवीतून निवडूनच येतात, तरी ती निवडते, त्याच परातीत. मी शेजारी जाऊन बसलो, झाकण उघडलं आणि सूर्याचं बटण दाबून दिवा घालवला. क्षणभर पडदा काळा झाला. मग मी तो जरासा कलता केला.

"सावली येतीय," आई म्हणाली.

मी थोडा सरकलो.